बाबूची खाट

पौष वद्य पंचमी, मंगळवारची सकाळ. रक्कम पाच आणे. जागा जळगाव जामोदच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले एक खेडे. साहेबांच्या दौऱ्याचा तेथे तिसरा दिवस होता. हजर तिघे: पैसे देणारी एक म्हातारी, पैसे घेणारा आमच्या कँपचा जमादार, आणि ज्याच्या नावावर ते घेतले गेले तो मी. मी मोहाच्या दोन झाडांमध्ये बांधलेल्या झोळीत निजलो होतो. नाणी मोजल्याच्या आवाजाने मला जाग आली.

"तीन कमी हायेत," जमादार म्हणत होता. "आठ लागतात."

"तीन कुठून आनू? हे पाच बी उसने आनले म्या. मले बाबूशीच बोलू दे."

"बाबू झोपला हाय. उगाच चिडीन."

मी चिडलो ते त्यानंतर, आणि आज बारा वर्षे झाली तरी तो राग गेलेला नाही. तो कशाचा, हे सांगायला थोडे मागे जावे लागेल.

मी दौऱ्यावरचा कारकून होतो. पावसाळा संपून रस्ते वाळले की साहेब गावोगाव तपासणीला निघत, आणि त्यांच्यामागे दोन गाड्या, एक घोडा, तंबू, दप्तराच्या पेट्या आणि आम्ही. साहेबांची घडीची खाट गाडीवर असे. बाकी नऊ माणसांच्या खाटा गावाने द्यायच्या. जमादार एक दिवस आधी पुढे जाई आणि पाटलाला तोंडी सांगे, खाटा नऊ. कोतवाल घरोघर फिरून त्या गोळा करी. खाटेमागे रात्रीला एक आणा भाडे द्यावे असा हुकूम होता. तो हुकूम माझ्याच पेटीत होता. पण भाडे कोणी मागत नसे, म्हणून ते माझ्या वहीत कधी आले नाही, आणि वहीत नाही म्हणून मीही कधी विचारले नाही. ही माझी पहिली चूक.

नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात मी एकेचाळीस मुक्कामांत एकेचाळीस लोकांच्या खाटांवर निजलो. एका गावी पहाटे उठलो तर समोरच्या ओट्यावर एक म्हातारा पोत्यावर अंग आवळून पडलेला. मी विचारले, "काऊन बाबा, घरात जागा नाही काय?" तो म्हणाला, "जागा हाय ना. खाट नाही. खाटेवर तुमी हा." त्याने हे अगदी साधेपणाने सांगितले, तक्रार म्हणून नव्हे. मला मात्र त्या दिवशी भाकर गोड लागली नाही.

उंद्रीकडच्या आमराईत राखणदार कडब्याची जाळी दोन झाडांना बांधून तिच्यात निजतात, हे मी पाहिले होते. तेव्हा दुसऱ्या हिवाळ्याआधी मी देऊळघाटला गेलो. तेथे एक मुसलमान कारागीर निवार विणी आणि गाड्यांच्या जाळ्या करी. त्याने विचारले, "क्या भरना हाय बाबूसाब? कडबा का कापूस?"

"माणूस."

त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. "मंग जाळी बारीक करतो. कडबा खाली गळला तं बैल खाते. तुमी गळले तं कोन खाईन?"

साडेसहा हात लांब, तीन हात रुंद, दोन्ही टोकांना वळलेले दोर. दोन रुपये सहा आणे घेतले. घरी आणल्यावर बायकोने ती हातात धरली नाही. "झोळीतून दुखनाईताले नेतात. धडधाकट मानूस कधी झोळीत झोपते काय? लोक म्हनतीन, कारकुनाले काय झालं?" मी सांगितले, लोकांना म्हणू दे. मी कोणाची खाट घेणार नाही.

झोळीत निजणे शिकावे लागते. पहिल्या मुक्कामी गाठ सरकली आणि मी पाठीवर आपटलो. स्वयंपाकी तीन दिवस हसत होता. मग कळले की झाडे नऊ हातांवर हवीत, पायांकडची गाठ डोक्याकडच्यापेक्षा वीतभर वर हवी, आणि सरळ न निजता कोन करून निजावे, म्हणजे पाठ सपाट राहते. सरळ निजले तर माणसाची कोयरी होते. थंडी वरून नाही, खालून लागते. पांघरुणे कितीही घ्या, पाठीखालून वारा जातो. म्हणून मी एक घोंगडी खाली अंथरी आणि एक वर घेई. पुढे पुढे मला त्या झोळीशिवाय झोप येईना. पानांतून तारे दिसत, अंग किंचित हलत राही, आणि एका घरी एक माणूस आज आपल्या खाटेवर निजला आहे असे मनात येई. हे मनात येणे फार सुखाचे होते. त्या सुखाचा मला आज जास्त राग येतो.

कारण नऊ वजा एक आठ हा हिशेब मी मनात केला. प्रत्यक्षात मोजला नाही. दुसऱ्याच्या बेरजेतली पै शोधून काढणारा मी, एकोणीस मुक्काम झोळीत निजलो आणि तंबूंमागे जाऊन खाटा किती आल्या हे एकदाही पाहिले नाही. जमादाराला पहिल्याच दिवशी सांगितले होते, "आता माझी खाट नको." तो "हाव" म्हणाला होता. तेवढ्यावर मी थांबलो.

तर त्या सकाळी मी झोळीतून खाली उतरलो. म्हातारीने माझ्याकडे पाहिले, मग झोळीकडे पाहिले, मग पुन्हा माझ्याकडे.

"तुमीच बाबू?"

"हो."

"तुमी तं या जाळ्यात निजून राह्यले. मंग माह्या सुनेची बाज कोनाच्या बुडाखाली हाय?"

जमादार मध्ये पडला, "चाल बुढे, तुह्या घरी जाऊन बोलू." मी त्याला थांबवले आणि तिला बोलू दिले. तिची सून बाळंत झाली होती. मुलगी. परवा, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, कोतवाल आला आणि बाबूसाठी खाट पाहिजे म्हणून सुनेच्या अंगाखालची बाज घेऊन गेला. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांचे घमेले ठेवून शेक देतात. बाज गेली की शेकही गेला. जमिनीवर निजलेल्या बाईच्या खाली निखारे कसे ठेवणार? दोन रात्री ती बाळंतीण ओल्या सारवणावर कडबा पसरून पडली होती. काल तिला ताप भरला. आज पाचवी होती, आणि पूजेला बाज नव्हती. आठ आणे दिले तर बाज सोडू, असा निरोप आला होता.

"बाबूची खाट," म्हातारी म्हणाली. "असंच म्हनतात सारे. मागल्या मुक्कामाले माह्या बहिनीच्या गावातून बी तशीच नेली होती. थ्या घरी लकव्याचा मानूस होता. आठ आने देल्ले तवा वापस आली."

मी जमादाराला विचारले, "खाटा किती सांगितल्या होत्या?"

"नऊ."

"आठ सांगायला पाहिजे होत्या."

तो मुळीच घाबरला नाही. मला समजावून सांगावे तसे बोलला. "बाबू, तुमी तुमचा हिस्सा सोडला. गावानं तं नाही ना सोडला? नऊचा रिवाज हाय, नऊ येतात. तुमाले नको तं वाया काऊन घालवा?"

"पण बाळंतिणीची?"

"ज्याले लई गरज त्याचीच घ्या लागते. ज्याले गरज नाही तो कायले सोडवून नेईन?"

हे वाक्य मी जसेच्या तसे लिहिले आहे. त्याच्या धंद्याची सारी अक्कल त्यात होती. बाकी आठ खाटा ज्यांना परवडे त्यांच्या येत, आणि त्यांच्यावर माणसे निजत. नववी खाट मात्र निवडून आणलेली असे. आजारी, म्हातारा, बाळंतीण असेल ते घर पाहून. तिच्यावर कोणी निजत नसे. ती परत विकण्यासाठीच आणलेली असे. एकोणीस मुक्काम, दर मुक्कामी आठ आणे, साडेनऊ रुपये. आणि ते सारे शक्य झाले कारण मी दोन रुपये सहा आणे खर्चून एक खाट मोकळी करून दिली होती.

बाज घोड्याजवळ होती. तिच्यावर खोगीर आणि चंदीची, घोड्याच्या दाण्याची, दोन पोती ठेवलेली. मी पोती खाली ओढली.

"खोगीर कुठं ठेवू मंग?" जमादार म्हणाला.

"तुमच्या डोक्यावर ठेवा. तेवढ्याच कामाचं हाय ते."

बाजेचे एक टोक मी उचलले, दुसरे म्हातारीने. वाटेत दोघे-तिघे मदतीला आले, पण मी टोक सोडले नाही. घराच्या दारात मी थांबलो. सोयराच्या घरात परक्या पुरुषाने जायचे नसते. बाज आत गेली. आतून सुनेचा खोकण्याचा आवाज आला, आणि एक बारीक रडणे. म्हातारी बाहेर येऊन म्हणाली, "जा आता. तुमचं काम झालं." तिने आभार मानले नाहीत. मानायचे काहीही नव्हते.

तेथून मी सरळ साहेबांच्या तंबूत गेलो. ते दाढी करत होते. मी सारे सांगितले, आकड्यांसह. त्यांनी विचारले, "बाईची लेखी तक्रार आहे?"

"नाही. तिला लिहिता येत नाही."

"तुमच्या एकोणीस मुक्कामांपैकी कोणाची?"

"नाही साहेब."

त्यांनी वस्तरा पुसला. मग म्हणाले, "तुम्हाला झोळीत निजायला कुणी सांगितलं होतं? इतरांसारखे खाटेवर निजला असता तर ही भानगड निघालीच नसती."

आज त्या बोलण्यात चूक कुठे आहे ते मला ठाऊक आहे, पण त्या क्षणी सुचले नाही, आणि या गोष्टीचा संताप मी अजून गिळतो आहे. साहेबांनी हुकूम दिला की बाईला नियमाप्रमाणे दोन रात्रींचे भाडे द्यावे आणि पावती घ्यावी. म्हणजे कागदावर असे झाले की त्या घराने आपल्या खुशीने बाळंतिणीची बाज सरकारला दोन आण्यांना भाड्याने दिली. पावती मलाच लिहावी लागली. म्हातारीने अंगठा केला आणि विचारले, "यावर काय लिवलं?" मी वाचून दाखवले. ती म्हणाली, "असं नाही झालं." मी म्हणालो, "ठाऊक हाय." जमादाराला तोंडी ताकीद मिळाली. तिने दिलेले पाच आणे आपण घेतलेच नाहीत, असे तो म्हणाला. साक्षीदार एकटा मी, आणि मी झोपलो होतो, असे त्याने सांगितले.

त्या हिवाळ्याचे उरलेले मुक्काम मी झोळी सोडली नाही, पण निजण्याची पद्धत बदलली. गावात पोचलो की आधी चावडीसमोर उभा राहून खाटा मोजी, चारचौघांत मोठ्याने. आठच्या वर एकही आली तर ती ज्याच्या घरची त्याच्या घरी नेऊन पोचवी. लोक गंमत पाहायला जमत. एका गावी कोणी तरी म्हणाले, "काय बे, हा बाबू खाटा मोजाले आला का वावर?" जमादार माझ्याशी बोलेनासा झाला. पाठ दुखू लागली, झोप पूर्वीसारखी लागेना. डोळे मिटले की खोगीर दिसे.

पुढच्या वर्षी त्याच खेड्यावरून जाताना मी त्या घरी थांबलो. मुलगी जगली होती. ओट्यावर बसून भाकरीचा तुकडा चोखत होती. तिची आई विहिरीवरून घागर घेऊन आली. वाकताना एक हात कमरेवर ठेवावा लागत होता तिला. म्हातारी म्हणाली, "थ्या दोन राती गार लागलं. कंबर धरली ते धरलीच." ती बाई वीस-बावीस वर्षांची असेल.

झोळी आता आमच्या माजघरात टांगलेली आहे. बायको तिच्यात कांदे ठेवते. हवा खेळते, कांदे सडत नाहीत, असे म्हणते.

शेवटी काय दिले गेले ते येथे लिहून ठेवतो. म्हातारीला सरकारकडून दोन आणे, खाटेचे भाडे म्हणून. त्या दुसऱ्या भेटीत माझ्याकडून तीन आणे, म्हणजे तिचे पाच भरले; ती नको म्हणत होती, मी ओट्यावर ठेवले. बाकी अठरा घरांना काही नाही, त्यांची नावे कोणी लिहिलीच नव्हती. सुनेच्या कमरेचे काही नाही. आणि जमादार चार वर्षांनी निवृत्त झाला तेव्हा कचेरीत त्याच्या निरोपासाठी वर्गणी जमवली. यादी माझ्यापर्यंत आली नाही. माझ्या नावापुढे कोणी तरी आधीच आकडा घातला होता आणि पगाराच्या दिवशी तेवढे कापून घेतले. मी भांडलो नाही. जमादाराला, माझ्याकडून, एक रुपया.