मूठमाती मीच देणार

इंदूरला आल्यावर पहिले काही महिने दारात जो येई तो एकच विचारी, "पास्टर साहब हैं?" मी म्हणे, "मैं ही हूँ।" तरी समोरचा माझ्या खांद्यावरून आत डोकावायचा. नवरा असेलच कुठेतरी, आंघोळीला गेला असेल. नवरा नव्हता. मी नगर जिल्ह्यातली, पाळकपणाची दीक्षा घेतलेली, एकटी बाई. पोलोग्राउंडच्या मागची छोटी हिंदी ख्रिस्ती मंडळी माझ्याकडे सोपवली होती. निघताना आई म्हणाली होती, "नर्मदेच्या पल्याड म्हंजी परदेसच की गं."

तिचं फारसं चुकलं नाही. माझी हिंदी शाळेतली. एका रविवारी मी अगदी कळवळून बजावलं, की पाप लपवाल तर परमेश्वर शिक्षा देईल. लोक प्रसन्न! बाहेर पडताना एका बापाने हात जोडले, "हमारे बेटे को भी दे, पढ़ता ही नहीं।" तेव्हा कळलं, की यांच्याकडे शिक्षा म्हणजे शिक्षण. भाषा हळूहळू सुधारली. सकाळी पोह्यांसोबत जिलबी खायचीही सवय झाली. एका गोष्टीची मात्र झाली नाही, आणि मी करूनही घेतली नाही.

दफनविधी आला की मंडळीचे सचिव महूहून एका पाळकांना बोलावत. सचिव निवृत्त मास्तर होते. आवाज न चढवता बोलायचे, म्हणून त्यांच्याशी भांडणं जास्तच कठीण. "हमारे यहाँ औरतें कब्रिस्तान नहीं जातीं, पास्टरजी," त्यांनी पहिल्याच वेळी सांगितलं. आजाऱ्याच्या उशाशी मी बसायचं, शेवटची प्रार्थना मी करायची, आणि पेटी उचलली की इतर बायकांबरोबर घरी थांबायचं. दोनदा थांबले. त्याची आजही लाज वाटते.

मंडळीत मराठी बोलणारी एक म्हातारी होती, पूर्वी नर्स होती. तिचं मराठी पक्कं इंदुरी. मी कुरकुरत गेले की म्हणायची, "तू पहले चहा पी, मग टेन्शन घे." हिवाळ्यात तिने अंथरूण धरलं. मी रोज जायची. एका दुपारी तिने माझं मनगट पकडलं.

"सुन, माझी माती तू करायची. महूवाल्याला नको बोलावू. त्याला माझं नाव पण मालूम नाही."

"मीच देईन मूठमाती," मी म्हटलं.

"वादा?"

"वादा."

मार्चमध्ये एका सकाळी ती गेली. मी पोचले तेव्हा सचिवांनी महूला फोन करूनही टाकला होता. मी सांगितलं, विधी मी करणार, तिची तशी इच्छा होती. सगळ्यांनी तिच्या मुलाकडे पाहिलं. बँकेत नोकरी करणारा साधा माणूस. तो हळूच म्हणाला, "आई बोलली तर होती. पर मला झगडा नाही करायचा. तुम्हीच निपटा."

मग मी निपटले.

दुपारी महूचे पाळक आले. माणूस वाईट नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "एक पाठ आप पढ़ लीजिए, बाकी मैं कर लूँगा।" बायबलमधल्या एका पाठावर माझी बोळवण! मी म्हटलं, "इस घर में रोज मैं आयी हूँ। आप इनका नाम बताइए।" ते सचिवांकडे पाहू लागले. सचिवांनी नाव सांगायला तोंड उघडलं, आणि मी म्हटलं, "अब रहने दीजिए।" पाळक जाऊन आपल्या गाडीत बसले. मला वाईट वाटलं नाही.

आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या. मी दारात उभी राहून म्हटलं, "जिसको चलना है, चलो।" कोणी हललं नाही. मग एक म्हातारी विधवा उठली आणि आपल्या चपला शोधू लागली. तिच्यामागे आणखी पाच जणी उठल्या. आम्ही दोन रिक्षांमधून गेलो.

खड्ड्याच्या काठावर मी विधीचं पुस्तक उघडलं. हिंदीतला विधी झाल्यावर शेवटची प्रार्थना मी मुद्दाम मराठीत केली. पुरुषांनी माती टाकली. मग बायका पुढे झाल्या. एकीने मला कानात विचारलं, "कितनी डालते हैं?" पन्नाशी उलटलेली बाई, आईबाप दोघांनाही याच आवारात पुरलेलं, आणि तिला हे माहीत नव्हतं.

सगळे परतू लागले तेव्हा ती विधवा तिथेच उभी होती. म्हणाली, "मेरे वाले को कहाँ रखा है?"

नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. तिने जागा कधी पाहिलीच नव्हती. आम्ही दोघी गवतातून दगड वाचत हिंडलो. सापडेना. शेवटी मी फाटकाशी उभ्या असलेल्या सचिवांकडे गेले. "आप थे न उस दिन?"  ते वळले आणि आमच्या पुढे चालू लागले. भिंतीलगत, कडुनिंबाखाली, आखूड दगड होता. तिने पदराने तो पुसला.

"इतने कोने में रख दिया," ती म्हणाली, आणि खाली बसून गवत उपटायला लागली. सचिव हात मागे बांधून उभे राहिले. घाई कोणीच केली नाही.

पुढच्या आठवड्यात माझ्याविरुद्ध चर्चच्या वरिष्ठांकडे तक्रार गेली. त्यावर सही सचिवांचीच होती. दोन कुटुंबांनी मंडळी सोडली. वरून खुलासा मागवला. मी लिहिलं, की मी माझं काम केलं आणि पुन्हाही करीन. त्यानंतरच्या दफनाला महूला पुन्हा फोन गेला, मीही पुन्हा गेले. तिसऱ्या वेळी मात्र सचिवांचा फोन मला आला. "कितने बजे रखें?" एवढंच त्यांनी विचारलं. मी चार सांगितले. बायका आता येतात, सगळ्या नाही; ती विधवा मात्र प्रत्येक वेळी येते, स्वतःचं खुरपं घेऊन.