टाचणीमावशीचा डावा डोळा

कुजबुज अशी होती, की टाचणीमावशी रोज सकाळी दहाला समोरच्या घड्याळवाल्याला डोळा मारते. आणि तोही काही कमी नाही, बोट वर करून खुणावतो. साठी उलटलेली, कपडे शिवणारी, सूनबाई घरात असलेली बाई. गल्लीला महिनाभर दुसरा विषय नव्हता.

झालं होतं असं. एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून गळालं. आरशात पाहते तर अर्धा चेहरा रुसून बसलेला, डावा डोळा मिटता मिटेना. ओठांत डझनभर टाचण्या धरून गप्पा हाणणारी ही बाई, तिच्या ओठांत आता एक टिकेना. चेहऱ्याचा लकवा म्हणत डॉक्टरांनी लगेच गोळ्या दिल्या आणि बजावलं, डोळा नीट मिटेपर्यंत मशीन बंद. कापडाचे तंतू उघड्या डोळ्यात गेले तर नजरेवर बेतेल. चाळीस वर्षांचं मशीन चादरीखाली गेलं, तेव्हा कुठे मावशी रडली.

सुनेने तिला अशा दवाखान्यात नेलं, जिथे एका खोलीत चिनी पद्धतीने सुया टोचणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या आणि शेजारच्या खोलीत चेहऱ्याचे व्यायाम घेणारा फिजिओथेरपिस्ट.

"जन्मभर टाचण्या तोंडात धरल्या, आता तोंडालाच टाचणार का?" मावशीने विचारलं. पण भुवईशी, गालाशी सुया लागल्या आणि तिला चक्क डुलकी लागली. एक डोळा उघडा ठेवून.

घोळ तिने घातला व्यायामात. डोळे हळू मिटा, पाचपर्यंत मोजा, दहाच वेळा, असं सांगितलेलं. ही घाईची ऑर्डर आल्यासारखी दिवसाला दोनशे वेळा करी. चौथ्या महिन्यात पापणी हलू लागली, पण तिच्यासोबत ओठाचा कोपराही वर ओढला जाऊ लागला.

"मावशी, चेहऱ्याला पायडल नसतं," फिजिओथेरपिस्ट म्हणाला, आणि सगळं पहिल्यापासून, सावकाश सुरू झालं.

मावशीचे पाच आकडे दोन सेकंदांत संपत. म्हणून मोजायचं काम घड्याळवाल्याने अंगावर घेतलं. ती दारातल्या खुर्चीवर, तो समोर आपल्या काउंटरमागे. पाच सेकंद झाले की त्याचं बोट वर.

सातव्या महिन्यात एकदा बोट वर गेलं, तरी तिने डोळे उघडले नाहीत. तो घाबरून रस्ता ओलांडून आला.

"थांबा हो भाऊ," ती म्हणाली. "मिटलाय, तर राहू द्या जरा."

चादर निघाली. पहिली शिलाई डॉक्टरीणबाईंच्या उशांच्या अभ्र्यांची, दुसरी फिजिओथेरपिस्टच्या कोटाची, तिसरी घड्याळवाल्याच्या स्टुलावरच्या गादीची. गुण गोळ्यांचा, सुयांचा की व्यायामाचा, असं कुणी विचारलं तर ती सगळ्यांनाच हात जोडते.

राहिली डोळा मारायची गोष्ट. ती दोन्ही डोळे मिटत होती. मिटायचा एकच.