डिझेलचे शेकडो फोटो, तिचा एक

बायको गेली आणि चौथ्या दिवशी पोरानं विचारलं, "बाबा, तेरवीले आईचा कोणता फोटो लावायचा?"

घरात पत्र्याच्या तीन पेट्या फोटोंनी भरलेल्या, आणि त्यात तिचा एक नाही. सगळे डिझेल इंजनांचे.

पोरानं तिच्या आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. डोळे वटारलेले, गाल बसलेले. मी म्हणालो, "हे तुही माय नाही. हे कोणतीतरी दुसरीच बाई हाये."

"मंग तुमीच शोधून द्या," तो म्हणाला. बरोबर बोलला. इतकी वर्षं कॅमेरा माझ्याच हातात होता.

आमचं धानाचं शेत वरठी स्टेशनच्या अलीकडे, रेल्वे लाइनला लागून. सत्तर-ऐंशी सालातली गोष्ट. कोळशाची इंजनं कमी होत चालली होती, लोक हळहळायचे. मला काही वाटत नव्हतं. मला डिझेल आवडायचं. लांब नाक पुढे करून यायचं, सिग्नलला उभं राहिलं तरी आतून धडधड चालू, आणि बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, पाण्यावर बारीक थरथर उठायची. सुटताना काळा धूर असा सोडायचं की बगळे उडून जायचे. आता तीच इंजनं जुनी झाली म्हणून त्यांचे फोटो काढायला पोरं मोबाईल घेऊन हिंडतात. तेव्हा मला गावात सगळे येडा म्हणत.

कॅमेरा जवाहरनगरच्या एका माणसाकडून मिळाला. त्याची बदली झाली, जाताना देऊन गेला. एका रोलमध्ये बारा फोटो. गाडी पळती असली की नुसता धूसर पट्टा यायचा, म्हणून सिग्नलला थांबलेली मालगाडीच लागायची. कॅमेऱ्यावर अंतराचा आकडा फिरवावा लागे. मी चौथी शिकलेला, नजरेनं अंतर मला कधी सांगता आलं नाही. म्हणून मी बायकोला उभी करायचो. इंजनाचं नाक जिथं येऊन थांबायचं, त्या जागी लाइनच्या भरावाखाली ती उभी. मी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तिच्यापर्यंत पावलं मोजत जायचो, परत यायचो, आकडा लावायचो. मग कॅमेऱ्यातून पाहायचो. तिच्या डोक्यावर आणखी दीड माणूस मावला की इंजन पुरं येतं, हा माझा हिशेब. गाडी आली की ओरडायचो, "हट ना वो बाजूले!" ती हटायची. मग मी फोटो काढायचो.

म्हणजे पाहा, प्रत्येक फोटोच्या आधी ती तिथं उभी होती. आणि प्रत्येक वेळी मीच तिला हाकललं.

रोवणीच्या चिखलात असली तरी तिचे कान लाइनकडे. मला ऐकू यायच्या आधी तिला कळायचं. "अजी, या लवकर! दोन इंजनं जोडून येऊन राहिले!" हातातलं रोप तसंच धरून त्या जागी जाऊन उभी राहायची. शेजारच्या बांधीतल्या बाया हसायच्या, "चालली पाहा इंजनाची नवरी!" ती म्हणायची, "तुमच्या नवऱ्याईले तर काहीच नाद नाही, दारूशिवाय." ती नसती तर माझा एकही फोटो धड आला नसता. हे मी तिला कधी सांगितलं नाही. एकदा पवनीच्या जत्रेला जाताना ती बोलली, "माहा बी काढा ना एखांदा." रोलमध्ये एक शिल्लक होता. मी इंजनासाठी ठेवला.

तर मी पेट्या उघडल्या. पोरगा पण बसला. दोन दिवस नुसती इंजनं. तिसऱ्या दिवशी त्यानं तळातलं एक पुडकं सोडलं, आणि एक फोटो उलटा धरून म्हणाला, "बाबा, याच्या मागं तुमी 'खराब' लिवलं हाये."

मी पाहिलं आणि सगळं आठवलं. उन्हाळा होता. मालगाडी थांबली तर डायवरनं खिडकीतून हातानं पाणी मागितलं. ती आपला तांब्या घेऊन थेट इंजनाजवळ गेली. मी इकडून बोंबलतो, "हट, सिग्नल पडला! गाडी सुटते!" ती मान न वळवता म्हणते, "माणूस पाणी पिऊन राहिला ना!" रागारागात मी फोटो काढला. रोलमधला शेवटचा होता. घरी जाऊन दोन दिवस बोललो नाही तिच्याशी.

फोटोत लांबलचक इंजन, दारात पायरीवर वाकलेला डायवर, आणि खाली ती. पदर खोचलेला, हात वर, तोंड त्याच्याकडे, अर्धंच दिसतं. पण हसते आहे. डायवर काय बोलला होता, ते मी कधी विचारलंच नाही.

फोटो मोठा करायला नेला, तर भंडाऱ्याच्या फोटोवाल्यानं सांगितलं, "काका, इंजन कापून टाकतो, मागं निळं आकाश लावतो." मी म्हणालो, "इंजनाले हात लावशीन तर फोटो वापस दे." पोरगा कुरकुरला, "लोक काय म्हणतीन बाबा?"

तेरवीच्या दिवशी ते लोकांनी म्हटलंच. तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी साळी, करडीहून आली होती; मोठ्या बहिणीला ती बाईच म्हणायची. फोटोसमोर उभी राहून म्हणाली, "भाटोजी, तेरवी माह्या बाईची हाये का इंजनाची?" मंडपातले लोक हसले. मी पण हसलो. तेरा दिवसांत पहिल्यांदा.

मग साळी फोटोजवळ गेली. "हे पाणी कोणाले देऊन राहिली?"

"डायवरले. अनोळखी होता."

"अस्सीच होती बाई," ती म्हणाली आणि डोळे पुसले.

फोटो आडवा, आणि पोरानं आणलेला हार उभ्या फोटोच्या मापाचा. घातला की बरोबर तिच्या तोंडावर यायचा. साळीनं दोनदा करून पाहिलं. शेवटी तिनं हार सरकवून इंजनाच्या नाकावर टाकला. पोरगा म्हणाला, "मावशी, हे बरं दिसत नाही."

मी म्हणालो, "राहू दे. तिचं तोंड मोकळं हाये."