साडूभाऊंचा ट्रक

माझ्या साडूंइतका सावध माणूस अख्ख्या टेक्सासात दुसरा सापडायचा नाही. शुगर लँडच्या एका तेलकंपनीत पाइपांची जाडी ठरवण्यात त्यांची वीस वर्षं गेली आणि ती जाडी थोडी स्वभावातही उतरली. ताई, म्हणजे माझी मोठी मेहुणी, अजून सांगते, "बघायला आले तेव्हा आमच्या जिन्याचा कठडा ढिला आहे, एवढंच बोलले. होकार सात महिन्यांनी कळवला."

अशा माणसाने मागच्या वर्षी एका दुपारात सहा जणांना झोपता येईल असा ट्रेलर घेऊन टाकला. कारण त्यांची आई. नागपूरहून चौथ्यांदा आल्या होत्या, पण गुडघ्यांमुळे आणि दर तासाला बाथरूम शोधावं लागत असल्यामुळे लांब कुठे गेल्याच नव्हत्या. ट्रेलर आतून बघून म्हणाल्या, "हे बरं आहे रे बाबू, संडास सोबतच चालतो." झालं.

मग तो ओढायला मोठा पिकअप ट्रक हवा, आणि तिथे साडूभाऊंचा मूळ स्वभाव परत आला. चार महिने दर शनिवारी ते मला ट्रक बघायला घेऊन जात. एक सेल्समन म्हणाला, हा तर तुमचं घरसुद्धा ओढेल. साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "ओढण्याचं कोण विचारतंय? उतारावर थांबेल का ते सांग." ट्रकच्या दाराच्या आत एक स्टिकर असतं, माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते सांगणारं. ट्रेलरची मान, म्हणजे पुढचा जोडदांडा, तीही ट्रकच्या पाठीवर भार टाकते, तोही त्यातच धरायचा. साडूभाऊंनी घरातल्या सगळ्यांना काट्यावर उभं केलं. कुकर मोजला, पोळपाट मोजून यादीतून काढला. मुलगी म्हणाली, "बाबा, this is so embarrassing," तर म्हणाले, "बूट काढून पुन्हा उभी राहा."

पसंत पडलेल्या ट्रकमध्ये शेवटी आईंची व्हीलचेअर धरली की वजन जास्त व्हायचं. चहा घेता घेता त्या हे सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "मग मला काढ ना हिशोबातून. मी राहते घरी, तुम्ही जाऊन या."

साडूभाऊंनी हिशोबाची वही मिटली. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून रजा घेतली आणि गॅरेजमध्ये मावणार नाही एवढा मोठा ट्रक आणला. आयुष्यात दुसऱ्यांदा त्यांनी काहीतरी न मोजता घेतलं होतं.

आम्ही पश्चिमेच्या डोंगरांकडे गेलो. साडूभाऊ इतके हळू चालवत होते की मागे गाड्यांची रांग लागली. आई पुढच्या सीटवर पाय पसरून बसल्या होत्या. संध्याकाळी डोंगरापाशी त्यांना खुर्चीवर बाहेर बसवलं. बराच वेळ त्या बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "तुझ्या बाबांना दाखवायला हवं होतं रे." साडूभाऊ उठले आणि टायरची हवा तपासायला गेले. ती त्यांनी सकाळीच तपासली होती.

यंदा नागपूरच्या डॉक्टरांनी आईंना विमानप्रवासाला मनाई केली. मुलगी कॉलेजला गेली. ट्रेलर झाकून ठेवलाय. परवा साडूभाऊंचा फोन आला, "दूध आणायला चाललोय, येतोस का?" दुकान घरापासून पाच मिनिटांवर. दूध घेतलं, आणि त्यांनी ट्रक हायवेवर घेतला. तासभर आम्ही पश्चिमेकडे नुसते जात राहिलो, मग परत वळलो.