परातीतलं पाणी

परातीतलं पाणी लाल झालं तेव्हा मी गायनमंडळात दुसऱ्या रांगेत उभी होते. गाणं तोंडातच राहिलं.

तो ईस्टरच्या आधीचा पवित्र गुरुवार होता. अमरावतीच्या आमच्या चर्चमध्ये त्या संध्याकाळी बारा जणांना वेदीसमोर खुर्च्यांवर बसवतात. फादर गुडघे टेकून एकेकाचा उजवा पाय धुतात आणि टॉवेलने पुसतात. मरणाच्या आदल्या रात्री येशू जेवणावरून उठला, त्याने कमरेला पंचा बांधला आणि आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. धुळीतून आलेल्यांचे पाय धुणं हे तेव्हा घरातल्या गुलामाचं काम होतं. म्हणून शिष्य हबकले. एक तर म्हणाला, माझे पाय तुम्हाला मी कधीच धुऊ देणार नाही. आणि थोड्याच वेळात जो येशूला पकडून देणार होता, त्याचेही पाय त्या रात्री धुतले गेले.

ही गोष्ट मी पत्रकांतून शिकले. चर्चमधल्या या विधीची तयारी बाबांकडे असते; दरवर्षी या आठवड्यात ते एक पत्रक छापून घेतात. शाळेत जायच्या आधीपासून मी त्यांच्या घड्या घालत आले. त्या पत्रकात 'गुलाम' हा शब्द नेहमी ठळक अक्षरांत असतो.

गेल्या वर्षी बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून बारा जणांची यादी आणि त्यांना द्यायची सूचना माझ्याकडे आली. मी अकोल्याला शिकते. शनिवारी घरी आले आणि जुन्या याद्या काढून बसले. वर्षानुवर्षं तीच घरं. बँकेतले, शाळेतले, तहसीलमधून निवृत्त झालेले. आमच्या कब्रस्तानात तीस वर्षं कबरी खोदणारे काका एकाही यादीत नव्हते. तेही आमच्याच चर्चचे, दर रविवारी मागच्या दाराजवळच्या बाकावर बसणारे. माझं डोकं फिरलं. मी फादरांकडे भांडायच्या तयारीनेच गेले. फादर म्हणाले, "मग घाल ना त्यांचं नाव." पाठ केलेली सगळी वाक्यं गिळून मी परत आले.

काका कब्रस्तानाच्या फाटकाशी कुदळीला दांडा बसवत होते. मी विचारलं, "काका, तुम्ही कधीच कसे बसला नाहीत त्या खुर्चीवर?"

"मले कोन बसवते, बाई? मी समद्याइले झोपवनारा मानूस."

मी नाव घातल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी कुदळ बाजूला ठेवली. "तुही काकू दरसाली म्हने, औंदा तुमचा नंबर लागन. मी म्हनो, गप राय. दिवाळीत गेली. तिची कबर मीच खोदली." मग म्हणाले, "नक्की हाय ना? मागून काटान तर नाही ना माहं नाव?"

"कोणी काटत नाही," मी म्हणाले. मला फार अभिमान वाटत होता.

सूचना मी बाबांच्या जुन्या कागदावरून उतरवली. तारीख बदलली, नावं बदलली. एक ओळ तशीच राहिली: 'पाय स्वच्छ धुऊन यावे.' आमच्याकडे सगळे तसेच येतात. घरी साबणाने पाय धुतात, नखं काढतात, धुतलेले मोजे घालतात, आणि मग चर्चमध्ये फादर तो स्वच्छ पाय पुन्हा धुतात. यात काही विचित्र आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. पत्रकं वाचून वाढलेल्या मलाही नाही.

काकांना वाचता येत नाही. मी कागद वाचून दाखवला. माझी नजर त्यांच्या टाचांवर गेली. भेगांत काळी माती इतकी मुरलेली की ती कातडीच वाटावी. पुढच्या बाकांवरच्या बायका एकमेकींकडे कशा बघतील ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी म्हणाले, "काका, नीट घासून या हं."

"घासतो ना माय."

गुरुवारी ते दहाव्या खुर्चीवर बसले होते. पांढरा सदरा, केसांना तेल. फादरांनी त्यांचा पाय परातीवर धरला, तांब्याने पाणी सोडलं, आणि टाचेखालून लाल धार उतरली. काकांनी पाय मागे ओढला. माइक जवळच होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

"पानी नासलं माह्यानं. फादर, दुसरं घ्या."

फादर हलले नाहीत. त्यांनी पाय पुन्हा हातात घेतला, टॉवेल गुंडाळला. अकराव्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी तेवढ्यात आपला मोजा परत चढवला. नवीन पाणी आलं, मोजा पुन्हा उतरला, अकरावा आणि बारावा पाय धुतला गेला, आणि गायनमंडळाने पुढचं कडवं उचललं. माझ्या शेजारची मुलगीही गात होती. इतक्या लोकांसमोर हे घडलं आणि उपासना एक मिनिटही लांबली नाही, हे मला आजही खरं वाटत नाही.

शुक्रवारी सकाळी, वधस्तंभाच्या उपासनेआधी, मी औषध आणि पट्टी घेऊन काकांच्या खोलीवर गेले. मोरीत विटेचा तुकडा पडला होता. एका बाजूने गुळगुळीत झिजलेला.

"यानं घासलं?"

"तीन दिवस. माती निंगतच नव्हती."

मी पट्टी बांधायला खाली बसले तर त्यांनी पाय खाटेखाली घेतला. "तू नको. पोरीनं पाय नाही धरू." शेवटी पट्टी त्यांनीच बांधली. मी समोर बसून सांगितलं की चूक माझी होती. पाय मळलेले आहेत म्हणूनच धुवायचे असतात, ती ओळ मी खोडायला हवी होती, आणि घासून या हे तर मी स्वतःच्या तोंडाने बोलले होते. काय वाट्टेल ते बोलत गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बरोबरच सांगतलं होतं तुनं," ते म्हणाले. "माहंच चुकलं. मी उशिरा सुरू केलं. पुढच्या साली राखेच्या बुधवारपासूनच घासतो, उपासाचे चाळीस दिवस, रोज थोडं थोडं. मंग रगत नाही येत." आणि मग, जरा घाबरून, "नाव ठेवशीन ना?"

मी हो म्हणाले.