कुसुमआत्याने दिलेली दाद

कुसुमआत्या कुणाच्याही घरी गेली की आधी दारावर, पिंपावर, मिळेल त्या पृष्ठभागावर बोटांनी ठेका धरायची आणि मगच बसायची. ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. देवळाली प्रवरेच्या आमच्या वस्तीत बायकांची गायन पार्टी होती. तिथे ढोलकी आत्याकडे असे. चौदा एप्रिलला ती वाजवू लागली की उसाच्या फडावरून आलेल्या बायकांच्या अंगातला शीण उतरताना डोळ्यांना दिसायचा. "ठेका पोटातनं आला पायजे," ती म्हणायची, "बोटं काय, कुनीबी हालवतं."

पंधरा वर्षांची मी मात्र वेगळ्याच आवाजाने झपाटले होते. मैत्रिणीच्या भावाच्या कॅसेटवर इलेक्ट्रिक गिटार ऐकली, तेव्हा वाटले, कुणी आभाळाचा पत्रा टराटरा फाडतो आहे आणि मागून उजेड सांडतो आहे. त्याच हिवाळ्यात कळले, नगरला एका कॉलेजच्या मैदानावर पुण्याचा रॉक बँड येणार.

दहावीनंतर नगरला शिकायचा माझा हट्ट तोवर वडिलांना पटलेला नव्हता. ते म्हणाले, "कुसुमबरोबर जा. धड परत आलीस, तर नगरच्या कॉलेजचं बघू. काही गडबड झाली, तर विषय संपला."

"गानंच हाय ना?" आत्या ठेवणीतली पांढरी साडी झटकत म्हणाली. "मग भ्यायचं कशाला?"

दिवस मावळताना आम्ही मैदानावर पोहोचलो. तुडवलेल्या धुळीचा, जनरेटरच्या डिझेलचा आणि कॉलेजातल्या मुलींच्या अत्तराचा मिळून एक अनोळखी वास हवेत होता. पहिला ठोका पडला तो कानांत नव्हे, बरगड्यांत. पायांखालची माती थरथरली. गिटारचा सूर तापलेल्या तारेसारखा पाठीच्या कण्यातून वर सरकला आणि मी ओरडू लागले, काय ते मलाही ठाऊक नव्हते.

"अगं बया!" आत्याने माझे मनगट आवळले. "ह्यो तर पायानंबी वाजिवतोय!"

थोड्या वेळाने इतर वाद्ये थांबली आणि ड्रमवाला एकटाच वाजवू लागला. आत्या उठली, कमरेची पिशवी सोडून तिने एक नोट काढली आणि सरळ स्टेजकडे निघाली. आमच्याकडे वादन आवडले की जाऊन नोट द्यायची आणि गायकाने माइकवर देणाऱ्याचे नाव घ्यायचे, अशी रीत. ती इथे नसेल, हे तिच्या मनातही आले नसावे.

पायऱ्यांवर बिल्ले लावलेल्या दोन पोरांनी तिला अडवले. "ओ मावशी, खाली उतरा! तमाशा लावलाय का?"

"तमाशा न्हाई, दाद हाय! हात लई ग्वाड हाय पोराचा, आन् मी नुसती बघत बसू व्हय?"

मागे हशा पिकला. माझ्या डोळ्यांपुढे नगरचे कॉलेज दिवा विझावा तसे विझले. आता हाकलतील, आणि उद्या गावभर होईल.

तेवढ्यात लांब केसांचा गायक वाकला. त्याने नोट घेतली, गोंधळून तिच्याकडे पाहिले.

"नाव घे की माइकवर," आत्याने त्याला समजावले. "कुसुम, देवळाली प्रवरा. आन् आदी जय भीम म्हन."

तो हसला. "जय भीम!" स्पीकर दणाणले. "ही दाद कुसुमताईंची, देवळाली प्रवरा!"

मैदानाच्या पार मागून, कोपऱ्याकोपऱ्यांतून "जय भीम!" उसळले. ड्रमवाल्याने दोन्ही काठ्या उंचावून आत्याला नमस्कार केला आणि मग असा काही सुटला की हसणारी पोरेही उड्या मारू लागली. मी मारत होतेच.

घरी वडील दारातच उभे होते. "सगळं नीट झालं ना? कुणी काही बोललं?"

"बोललं की! माइकवर नाव घेतलं माझं," आत्या अजून मैदानातल्यासारखीच ओरडत होती. "पोरीला नगरलाच घाल, दादा. पायरीवर आडवत्यात तिथं, पन वरचा मानूस वाकून इचारतो."

त्यावर वडील अगदी हळू काहीतरी बोलले. माझ्या कानांत ड्रम घुमत होते. एक शब्द ऐकू आला नाही. त्यांची होकाराने हललेली मान तेवढी मी पाहिली.