गाऱ्हाणं आणि डिंक

अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत मी काचेची भांडी धुवायचो. सातवीतच शाळा सुटलेली, घर तिकडे वेंगुर्ल्याला, आणि नोकरी कधी जाईल ही धाकधूक कायमची. पण तिथल्या संशोधक बाईंनी मला कधी 'अरे-तुरे' केलं नाही. त्यांचं काम डीएनएचं. एका एन्झाइमने तो धागा कापायचा, दुसऱ्याने त्यात परका तुकडा जोडायचा. "मामा, ही आपली कातरी आणि हा डिंक," असं त्यांनीच मला समजावलं होतं. दोन्ही परदेशातून बर्फात यायची, थंडीतच टिकायची, मागवली की महिने जायचे. बाईंची फेलोशिप दिवाळीनंतर संपत होती. त्याआधी जोड बसायला हवा होता.

खंडेनवमीला मी पाटावर कात्र्या, चिमटे, तराजू मांडला. बाई म्हणाल्या, "आणि माझी हत्यारं?" स्वतः फ्रीजरमधून कातरीची आणि डिंकाची अशा दोन इवल्याशा नळ्या आणून पाटावर ठेवल्या. "पटकन आटपा हं, मामा."

मला भरून आलं. आणि आमच्याकडे गाऱ्हाणं, देवापुढचं ते मोठ्याने घातलेलं मागणं, कुणी पटकन घालत नाही. हात जोडून सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या बाईंचो जोड जुळान येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" प्रयोगशाळेतली पोरं ओरडली.

त्यांना मजा, मला चेव. ग्रामदेवता झाली, मूळपुरुष झाला, बाईंचे आईवडील झाले. "मामा, सरांना पण घ्या ना यार!" एक विद्यार्थी म्हणाला. त्यांनाही घेतलं. समई नळ्यांच्या शेजारीच, बाहेर ऑक्टोबरचं ऊन. बाई सारख्या पाटाकडे बघत होत्या, तरी दर वेळी "व्हय म्हाराजा" म्हणत होत्या. मला वाटलं, भक्ती.

दसरा झाल्यावर तोच विद्यार्थी म्हणाला, "वाट लागली, मामा. कातरी चालतेय, डिंक मेला. तुकडे सगळे सुटे ते सुटेच."

"गप रे," बाई म्हणाल्या. "नळीच जुनी होती."

जुनी कसली? गणपतीनंतर आलेला खोका मीच तर फोडला होता.

नवा डिंक मागवला. तो यायच्या आत फेलोशिप संपली. शेवटच्या दिवशी बाई मोरीपाशी आल्या. "मामा, गाऱ्हाणं घाला ना. निघाले मी."

मी हातातलं चंचुपात्र घासत राहिलो. नळ तसाच वाहत होता. मग त्यांनीच हात जोडले, "बा देवा महाराजा, आमच्या मामांची नोकरी टिकू दे रे महाराजा." आणि थांबल्या.

आता 'व्हय म्हाराजा' म्हणायचं माझ्यावर होतं. म्हटलं, पण हातातल्या चंचुपात्राकडे बघून.